नवसाचे धोंडे

थेरगावात मला सुभद्रा म्हणून कुणी कधी हाक मारली नाही. तिथं मी काटेवाली. ‘काटेवाली आली गं!’ अशी एकीनं आरोळी ठोकली की बाकीच्या बाया लगबगीनं पोरांची नाकं पुसायला लागायच्या. नाक पुसल्यानं वजन वाढतंय होय? पण पुसायच्या बिचाऱ्या.

काटा म्हणजे स्प्रिंगचा काटा. वर कडी, खाली हूक, मधे पितळी पट्टी आणि तिच्यावर पौंडाच्या रेघा. कडी घराच्या तुळईला अडकवायची, हुकाला झोळी लावायची, झोळीत पोर निजवायचं आणि त्याची वळवळ थांबली की रेघ वाचायची. ऐकायला सोपं आहे. करायला गेलं की निम्मी पोरं झोळीतच मुततात.

हे काम मला चिंचवडच्या शिशुरक्षण मंडळानं दिलेलं. मंडळ म्हणजे नदीकाठचा एक भाड्याचा बंगला, अकरा पाळणे, दोन आया, एक स्वयंपाकीण, फाटकावर भिमाजी आणि सगळ्यांच्या डोक्यावर इंदुताई. टाकलेली, सापडलेली, आई बाळंतपणात गेलेली अशी पोरं कुठून कुठून यायची. बाटलीच्या दुधावर ती जगायची नाहीत, पावसाळ्यात तर नाहीच नाही. म्हणून इंदुताईंनी रीत पाडली होती. आसपासच्या गावात जिच्या अंगावर दूध आहे अशी बाई शोधायची आणि मंडळाचं पोर तिच्या पदरात घालायचं. त्या बाईला महिन्याची ज्वारी मिळायची, थोडे पैसे मिळायचे. तिला आम्ही दूधआई म्हणायचो. मी दर शुक्रवारी होडीनं नदी ओलांडून थेरगाव आणि वाकड पायी करून पोरं तोलायची आणि वहीत लिहायची.

आकडे काढायला मला इंदुताईंनीच शिकवलं. त्यांनी ठेवून घेतलं नसतं तर मी आज चाकणला भावाच्या घरी मिरच्या कांडत बसले असते आणि भावजयीनं मला जेवताना मोजून भाकरी वाढली असती. नवरा गेल्यावर दोन वर्षं ते करून बघितलं होतं. बंगल्याच्या मागं मला एक खोली होती, पत्र्याची. गळायची, पण माझी होती.

नियम इंदुताईंचाच. एका आठवड्यात अर्धा पौंड उतरला की पोर दूधआईकडून काढायचं आणि बंगल्यावर परत आणायचं. नियम करताना त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. काही बाया आपल्या पोराला पाजायच्या आणि मंडळाच्या पोराला पाण्यावर ठेवायच्या, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. पण परत आणलेल्या पोराचं पुढं काय होतं तेही मी बघितलं होतं. मागच्या भादव्यात बंगल्यावर आठ पोरं होती. हगवण लागली, पाच गेली. भिमाजी खड्डा खणायचा आणि मी फडक्यात गुंडाळलेलं पोर धरून पावसात उभी राहायची. पाचव्या वेळेला मी म्हटलं, “ताई, उद्या दुसऱ्या कुणाला पाठवा.”

“दुसरं कोण आहे?” इंदुताई म्हणाल्या.

खरंच कुणी नव्हतं.

तर त्या वर्षीची गोष्ट. पिंपरीला औषधाच्या कारखान्याचं बांधकाम चालू होतं. तिथं पाट्या वाहिल्या की रोजच्या रोज मजुरी हातात पडायची, मग दुसऱ्याचं पोर पाजायला कोण बसतंय! दूधआया मिळेनात. अशात जेठ महिन्यात चिंचवड स्टेशनवर पाटीत घालून ठेवलेली एक पोरगी सापडली. नंबर एकोणतीस. मंडळाच्या कमिटीनं तिचं नाव ठेवलं कुमुद. पोरगी बाटलीला तोंड लावीना. चमच्यानं घातलं की थुंकायची. असली हट्टी पोर मी आजवर बघितली नाही.

मला थेरगावच्या रहमतबीची आठवण झाली. मीरासाहेब पिंजाऱ्याची बायको. तिचं तिसरं लेकरू अकराव्या दिवशी गेलं होतं, आधीची दोनही अशीच गेलेली. दूध ओसरलं नव्हतं. छातीला घट्ट फडकं बांधून फिरत होती. कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले, “मुसलमानाच्या घरी कसं काय द्यायचं?” इंदुताई म्हणाल्या, “संध्याकाळपर्यंत तुम्ही दुसरी बाई आणा, मी तिच्याकडं देते.” संध्याकाळ झाली. मी पोरगी घेऊन होडीत बसले.

रहमतबीनं तिला पदराखाली घेतलं आणि त्या थुंकणाऱ्या कार्टीनं असं तोंड लावलं की रहमतबीला कळ आली आणि ती रडायलाच लागली. मीरासाहेब दारात उभा होता. “आता रडतीस कशाला?” म्हणाला आणि स्वतःच डोळे पुसायला लागला. रहमतबीनं तिचं नाव शहाजादी ठेवलं. मंडळाच्या वहीत कुमुद, थेरगावात शहाजादी. मी दोन्हीकडं दोन्ही चालवून घेतलं.

पोरगी भरत गेली. भादव्याच्या पहिल्या शुक्रवारी बारा पौंड भरली.

दुसऱ्या शुक्रवारी मी गेले तर मीरासाहेबाची कापूस पिंजायची कमान बंद. एरवी चिमाजीच्या होडीतून उतरलं की त्याच्या पिंजणीचा टंग टंग आवाज नदीपर्यंत यायचा. पिंपरीच्या निर्वासितांच्या छावणीतून गाद्या-रजया यायच्या, त्या पिंजायचं त्याचं काम. त्या दिवशी ढीगभर कापूस तसाच पडला होता. आतल्या खोलीच्या दाराला रहमतबीनं ओलं लुगडं टांगलं होतं. ते ती पोरगी घरात आल्यापासून टांगायची. बारीक तूस आत जाऊ नये म्हणून दिवसातून चार वेळा भिजवायची.

लुगडं सारून आत गेले तर पोरगी मांडीवर मान टाकून पडलेली. डोळे खोल गेलेले. अंग तव्यासारखं तापलेलं.

“कवापासनं?”

“मंगळवारपासनं,” रहमतबी म्हणाली. “आठ-आठ येळा हुतंय, बाई. पिती, पर टिकत न्हाई. मी दोन दिस कोरी भाकर खाल्ली, मिरची न्हाई, तेल न्हाई. माज्या दुधातच काय असंल तर जावं म्हणून.”

“आन् तू उपाशी ऱ्हायलीस तर तिला काय पाजणार, धोंडे?”

मी काटा लावला. पोरगी झोळीत हललीसुद्धा नाही, त्यामुळं रेघ लगेच कळली. अकरा. एका आठवड्यात एक पौंड गेला होता.

रहमतबीला वाचता येत नव्हतं, पण ती पट्टीकडं बघतच नव्हती. माझ्या तोंडाकडं बघत होती. “कमी झालं?”

माझा डावा हात झोळीला धरलेला होता. अंगठा झोळीच्या काठावर होता. मी तो दाबला. थोडा, अजून थोडा, रेघ बारावर येईपर्यंत.

“बारा,” मी मोठ्यानं म्हटलं. “हाय तेवढंच हाय.” आणि वहीत बारा लिहिलं.

हे काही पहिल्यांदा केलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. चांगल्या दूधआईचा एखादा आठवडा वाईट गेला की मी अंगठा लावायची. पुढच्या शुक्रवारपर्यंत पोर सावरायचं, आकडा आपोआप जुळायचा. कुणाचं काही बिघडत नव्हतं असं मला वाटायचं. वाटून घ्यायची.

मान वर केली तर मीरासाहेब लुगडं बाजूला धरून उभा. त्याची नजर माझ्या अंगठ्यावर होती.

मी तांदळाची पेज सांगितली, मीठ-साखरेचं उकळलेलं पाणी चमच्या-चमच्यानं द्यायला सांगितलं, आणि निघाले. पुढचा आठवडाभर बंगल्यावर काम करताना माझं लक्ष नदीपलीकडं होतं. मंगळवारी चिमाजी होडीवाला भेटला. म्हणाला, “पिंजाऱ्याची पोर सुधारली म्हनं. कालच्यान हगवण थांबली.” मला एवढं हलकं वाटलं की मी त्याला चहा पाजला.

आणि तिसऱ्या शुक्रवारी सकाळी पुण्याचे डॉक्टर मंडळाच्या दारात हजर. महिन्यातून एकदा ते बंगल्यावरची पोरं तपासायचे. त्या दिवशी म्हणाले, “आज गावातली मुलं मी स्वतः बघतो. चला.”

इंदुताई बरोबर निघाल्या. डॉक्टर बूट हातात घेऊन होडीत चढले, घसरले, चिमाजीनं काखेत धरून बसवलं. एरवी मी हसले असते.

रहमतबीनं घर सारवून ठेवलं होतं. पोरगी तिच्या कडेवर होती आणि तिचे डोळे परत जागेवर आले होते. माझ्या हातातला काटा बघून पोरगीनं हात पुढं केला. मी आत काटा अडकवत होते तेव्हा खुंटीला टांगलेलं हिरव्या फडक्याचं एक गाठोडं दिसलं. चांगलं जड होतं, खुंटी वाकली होती.

“हे काय?” मी हळूच विचारलं.

“नवसाचे धोंडे,” रहमतबी पुटपुटली. “त्या शुक्रवारी तुमी गेला आन् ह्यांनी तिला लगेच कापसाच्या तागडीत घातली. तिच्याइतके धोंडे काढून बांधून ठिवले. पोर उठली तर तेवढा गूळ पीरसाहेबाच्या चिंचेखाली वाटायचा बोललोय. तवर गाठ सोडायची न्हाई.”

नवस आमच्यातही असा बोलतात, त्यामुळं मला त्याचं नवल वाटलं नाही. डॉक्टरांनी हाक मारली आणि मी पोरगीला झोळीत घातलं. त्यांनी मला मागं सरायला सांगितलं आणि स्वतः रेघ वाचली.

“साडेअकरा. मागचं?”

इंदुताईंनी वही उघडली. “बारा.”

“अर्धा पौंड उतरलं. तुमचा नियम काय आहे?”

इंदुताईंनी त्या बारावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, “परत आणायचं.”

“शिवाय हा कापूस बघा. असल्या घरात मूल ठेवायचं?” डॉक्टरांनी वहीत दोन ओळी लिहून सही केली.

आता बघा, पोरगी उतरली नव्हती. अकराची साडेअकरा झाली होती, मरता मरता वर आली होती. ते त्या खोलीत मला ठाऊक होतं आणि माझ्याच हातच्या बारामुळं ती उतरलेली दिसत होती. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. डॉक्टर समोर, इंदुताई समोर, आणि माझ्या डोळ्यांपुढं चाकणची भावजय.

इंदुताईंनी पोरगी घेतली. रहमतबीनं आधी दिली, कारण तिला वाटलं डॉक्टर तपासायला मागतायत. कळलं तेव्हा ती माझ्याकडं वळली.

“बाई, तुमी सांगा की! तुमी दर शुक्रवारी बघताय!”

“चार दिसांनी आणतील परत,” मी म्हटलं. असलं बोलताना माझी जीभ का झडली नाही देव जाणे.

होडी अर्ध्या पात्रात गेली तरी ती काठावर उभी होती, मीरासाहेब तिच्या मागं. पोरगी रडायला लागली तशी तिनं दोन्ही हात छातीवर दाबले. चोळी भिजली होती. चिमाजी वल्ही मारायचा थांबला. इंदुताई म्हणाल्या, “चला पुढं.” त्यांचा आवाज नीट नव्हता.

बंगल्यावर आल्यावर तीच तऱ्हा. बाटली तोंडात धरली की थुंकायची. शुक्रवारी संध्याकाळी दोन चमचे गेले. शनिवारी दुपारी जे गेलं ते ओकली. आया म्हणाली, “सुभद्रे, हिचं काही खरं नाही.” मी तिच्या अंगावर ओरडले. तिचा काय दोष होता?

शनिवारी सकाळपासून रहमतबी फाटकाबाहेर बसली होती. पहिल्या होडीनं आली होती. भिमाजीनं तिला आत सोडलं नाही, तसा हुकूमच होता. आईबाप, दूधआया कुणी आले की पोरं रडतात म्हणून सोडायचं नाही. पाऊस भुरभुरत होता. भिमाजीनं तिला आपलं पोतं दिलं डोक्यावर घ्यायला. दुपारी मी बाटल्या उकळत होते तर तो आत आला, खाली मान घालून.

“काय रे?”

“ती भिंतीकडं तोंड करून दूध पिळतीय गं,” तो म्हणाला. “आमच्यानं बघवंना झालंय.”

मी बाटल्या तशाच टाकून फाटकाशी गेले. रहमतबीनं वर बघितलं. तिचा चेहरा सुजला होता. “पिली का ती?” एवढंच विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. तिनं माझा हात धरला, आणि नेमका डावाच धरला.

“बाई, पोर चांगली व्हत आली व्हती. तुमाला न्हाई दिसलं? तुमच्या काट्याला न्हाई दिसलं?”

मी हात सोडवून घेतला आणि आत आले. बाटल्या पुन्हा उकळल्या. त्या दिवशी मी जेवले नाही. रविवारी सकाळी पोरगीचं रडणं बंद झालं. रडणं बंद झालं की काय होतं ते मागच्या भादव्यात बघितलं होतं. मी हात पुसले आणि इंदुताईंच्या खोलीत गेले.

“ताई, ते बारा खोटं आहे.”

त्या पत्र लिहीत होत्या. टाक खाली ठेवला. मी सगळं सांगितलं. अंगठा कसा लावला, अकरा कसं होतं, साडेअकरा म्हणजे पोर चढली कशी होती. एका दमात सांगितलं, नाहीतर सांगणं झालं नसतं.

इंदुताईंनी अर्धं लिहिलेलं पत्र बाजूला सारलं. मग म्हणाल्या, “सुभद्रा, त्या शुक्रवारी तू बारा लिहिलंस. आज म्हणतेस अकरा. मी कोणतं खरं धरू?”

“आजचं.”

“का? कालपासून ती बाई फाटकात बसली आहे. तुला तिची कीव आली. त्या दिवशीही कीवच आली होती ना?”

त्यांनी वही पुढ्यात ओढली.

“आणखी किती वेळा अंगठा लावलास?”

“सात. आठ असतील.”

“कुणाकुणाला?”

मी नावं घेतली. शेवटचं नाव वाकडच्या मुलाचं होतं. तिथं मी अडखळले आणि त्यांच्या लक्षात आलं. तो गेल्या फाल्गुनात गेला होता. त्याला मी लागोपाठ तीन आठवडे अंगठा लावला होता. सावरेल, सावरेल म्हणत. चौथ्या शुक्रवारी गेले तर त्या घरात झोळी लावायची गरज राहिली नव्हती. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, देवापुढंसुद्धा नाही. त्या दिवशी इंदुताईंना सांगितलं.

त्या उठून खिडकीशी गेल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, “आकडा बघून मी त्याला पुण्याला दवाखान्यात हलवलं असतं. तीन आठवडे होते आपल्याला.” ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“ताई, माझं काय करायचं ते करा. पण ही पोरगी तिला द्या. ही जायला लागलीय.”

“डॉक्टरांच्या सहीवर तुझा शब्द कसा ठेवू मी? तुझा शब्द आता कशावर चालणार?”

तेव्हा मला ते हिरवं गाठोडं आठवलं.

मी चपला घालायलासुद्धा थांबले नाही. चिमाजी जेवायला बसला होता, त्याला ताटावरून उठवलं. मीरासाहेब ओट्यावर बसला होता, कमान शेजारी आडवी पडलेली.

“ते धोंडे द्या,” मी धापा टाकत म्हटलं. “अकरा भरतील. अकरा भरले की पोर घरी येतीय.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. “मला तवाच दिसलं व्हतं. जल्म गेला कापूस तोलण्यात, गिऱ्हाइकाचा आन् यापाऱ्याचा अंगठा बघण्यात. मला न्हाई दिसणार व्हय?”

“मग बोलला का न्हाई?”

“आमच्याच भल्यासाठी दाबला व्हता,” तो म्हणाला. “कसं बोलावं?”

त्यानं आतल्या खुंटीकडं बघितलं. मग त्यानं विचारलं, “नवस फिटल्याबिगर गाठोडं घराबाहीर काढायचं?”

“मला न्हाई ठावं, मीरासाहेब. पर पोर गेल्यावर नवस कुणाचा फेडणार?”

तो उठला. हातपाय धुतले. खुंटीवरून गाठोडं दोन्ही हातांनी उतरवलं, मला हात लावू दिला नाही. डोक्यावर घेतलं आणि नदीपर्यंत एकदाही टेकवलं नाही. होडीतही मांडीवरच धरून बसला.

फाटकात रहमतबीनं ते बघितलं आणि किंचाळली. “या अल्ला! ते कशाला आणलं? नवस मोडला!”

“गाठ सुटली न्हाई अजून,” मीरासाहेब म्हणाला. “पीरसाहेबास्नी मी सांगंन काय सांगायचं ते. तू उठ.”

इंदुताई ओसरीवर आल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी गाठोडं जवळून बघितलं. फडकं चारी बाजूंनी ओढून वर पिंजणीच्या तातीनं, कमानीला ताणलेली असते तसल्या दोरीनं, आवळून बांधलं होतं, आणि तातीच्या वळशावळशात कित्येक दिवसांचं कापसाचं बारीक तूस बसलं होतं. त्यांनी ते बोटानं टिपून बघितलं.

“हे कधी बांधलं?”

“बाई वजन करून गेल्या, तवाच. दिवस मावळायच्या आत.”

“अकरा पौंडांचे धोंडे तुम्हाला बरे सापडले.”

“पौंड म्हंजी काय ते मला ठावं न्हाई, बाईसाहेब,” मीरासाहेब म्हणाला. “माज्याकडं शेर आन् छटाक हाय. पोर एका तागडीत घातली, दुसरीत धोंडे टाकत गेलो. दांडी सरळ झाली तवा थांबलो.”

इंदुताईंनी भिमाजीकडून काटा मागवला. तो माझ्या हातात दिला नाही. स्वतः तुळईला अडकवला. मीरासाहेबानं गाठ न सोडता गाठोडं हुकाला लावलं. सगळे मागं सरले, आयासुद्धा दारात येऊन उभ्या राहिल्या. गाठोडं थोडं फिरलं, थांबलं.

मी रेघ बघितली नाही. मी इंदुताईंच्या तोंडाकडं बघत होते.

“अकरा,” त्या म्हणाल्या. पुन्हा वाकून बघितलं. “अकरा आणि केसभर वर. ते फडक्याचं.”

मग त्यांनी वही मागवली. बारावर आडवी रेघ मारली, वर अकरा लिहिलं, शेजारी स्वतःची सही केली. डॉक्टरांच्या दोन ओळींखाली काहीतरी इंग्रजीत लिहिलं आणि तिथंही सही केली. “त्यांना मी कळवीन,” म्हणाल्या. “कमिटीलाही मीच सांगेन. आत घ्या तिला.”

भिमाजीनं फाटक उघडलं. रहमतबी पाळण्याजवळ खालीच बसली. पोरगीला उचलून पदराखाली घेतलं, पण तिला तोंड लावायचं त्राण नव्हतं. रहमतबीनं बोटानं तिच्या ओठांवर दूध लावलं. एकदा, दोनदा, पाच वेळा. आम्ही सगळ्या श्वास रोखून बघत होतो. मग पोरगीच्या गालाला खळगा पडला. पुन्हा पडला. आणि गिळल्याचा आवाज आला. मी तिथंच भिंतीला टेकून ढसाढसा रडले.

तासाभरानं ती माणसं गेली. एकानं पोर घेतली होती, एकानं धोंडे.

इंदुताईंनी मला काढलं नाही. काटा मात्र त्याच संध्याकाळी कपाटात ठेवून कुलूप लावलं. “उद्यापासून धुण्यावर,” म्हणाल्या. “पुढच्या महिन्यात पुण्याहून शिकलेली मुलगी येईल. वजनाच्या वेळी आता दोन माणसं असतील, आणि झोळीला कुणाचा हात नसेल.” मी म्हटलं, “बरं.” मला राग आला नाही. वाकडच्या मुलासाठी एवढं फार थोडं होतं.

तेव्हापासून मी दुपटी धुते. अकरा पाळण्यांची दुपटी म्हणजे दिवसाला शंभराला कमी नाहीत. सोड्यानं हातांची सालपटं निघतात, अंगठ्याला भेगा पडतात, थंडीत त्यातून रक्त येतं. थेरगावात आता दुसरी काटेवाली जाते. पोरगी बरी आहे एवढं चिमाजीकडून कळायचं.

दिवाळी होऊन गेली आणि एका शुक्रवारी सकाळी मी धुण्याच्या दगडाशी असताना रहमतबी समोर येऊन उभी राहिली. कडेवर शहाजादी. गाल वर आलेले, दोन दात फुटलेले. भिमाजीनं त्यांना विचारलंसुद्धा नव्हतं, सरळ आत सोडलं होतं.

“काल चिंचंखाली गूळ वाटला,” रहमतबी म्हणाली. “गाठ सोडली. हा तुमचा वाटा.”

कागदात गुळाचा चांगला मोठा खडा होता. मी म्हटलं, “एवढा कशाला गं? अकरा पौंडांत अख्ख्या गावाला वाटायचा आणि मला एवढा?”

“अकरा न्हाई, बाई. बारा वाटला.”

“बारा? नवस तर अकराचा व्हता.”

“ह्यांनीच सांगितलं तसं,” रहमतबी म्हणाली. “म्हणाले, पोरीचा भार अकरा व्हता. वरचा एक पौंड, म्हंजी आपला अर्धा शेर, काटेवालीच्या अंगठ्याचा. तोबी पोरीच्याच नावानं पडला व्हता, तोबी फेडाया पायजे.”

शहाजादीनं गुळाकडं हात केला म्हणून मी कोपरा मोडून तिच्या तोंडात घातला. मोडताना गूळ माझ्या ओल्या अंगठ्याला चिकटला आणि भेगांत झोंबला. तो मी तसाच चाटून खाल्ला, आणि राहिलेला खडा घेऊन, त्यातला वाटा द्यायला, इंदुताईंच्या खोलीकडं गेले.